वॉटी गेडिसची जड दंताळी

वॉटी गेडिसच्या लक्षात माणसांचे चेहरे राहत नसत, पावलं राहत. समुद्रकाठच्या पोर्टलॅरी गावच्या गोल्फ मैदानावर तो सकाळी सगळ्यांच्या आधी हजर व्हायचा आणि वाळू भरलेल्या एकेका खड्ड्याच्या, म्हणजे बंकरच्या, काठावर उभा राहून आत वाकून बघायचा. आत कुणाच्या बुटांचे ठसे तसेच राहिलेले दिसले की त्याच्या दिवसाला खरी सुरुवात व्हायची.

“हा बँकेतला मकी,” तो आपल्याशीच म्हणायचा. “डावा पाय फेंगडा टाकतो. आणि इथं रानडुकरासारखं उकरून गेलाय तो आमचा खाटीक. चर्चमध्ये पहिल्या बाकावर बसतो म्हणे.”

नियम साधा होता. चेंडू वाळूत गेला की आपणही खाली उतरायचं, तो बाहेर मारायचा आणि निघण्याआधी काठावरचं दंताळं घेऊन आपल्या पावलांचे खळगे सारखे करायचे, म्हणजे मागून येणाऱ्या बिचाऱ्याचा चेंडू आपल्या टाचेच्या खड्ड्यात जाऊन बसत नाही. पाचवीतल्या पोराला समजावं असं हे प्रकरण पोर्टलॅरीतल्या भल्या लोकांना का समजत नाही, या प्रश्नावर वॉटीने आयुष्याची बरीच वर्षं घालवली होती. आळस, हेच त्याचं उत्तर होतं. दंताळ्यात काही खोट असेल हे त्याच्या मनातही यायचं नाही, कारण मैदानावरचं प्रत्येक दंताळं त्याने स्वतःच्या हाताने केलेलं होतं.

आता वॉटी कुठे शिकला, हे इथे सांगितलं पाहिजे. तरुणपणी तो बंदरावरच्या नावा बांधणाऱ्यांकडे उमेदवारीला होता. मासेमारी आटली, नावा बांधणं बंद झालं, वॉटी मैदानावर गवत कापायला लागला, पण हात नावेवरचाच राहिला. तो जे काही करी ते उत्तर समुद्राच्या वादळातून परत येईल अशा बेताने करी. त्याने बायकोला, इफीला, पाव कापायला एक फळी करून दिली होती. ती उचलायला दोन्ही हात लागत, म्हणून इफी पाव घेऊन फळीकडे जायची. त्यानेच केलेली जेवणाच्या टेबलाजवळची खुर्ची लग्नाच्या वर्षी जिथे ठेवली होती तिथेच होती. केर काढताना इफी तिला वळसा घालायची.

दंताळीही त्याच घराण्यातली. दांडा चांगल्या ॲशच्या लाकडाचा, मनगटाएवढा जाड. खालची आडवी फळी ओकची, तिच्यात खुंटीसारखे ओकचेच दात ठोकून बसवलेले. “वजन असलं की वाळू ऐकते,” असं वॉटीचं म्हणणं होतं. हिवाळ्यात तो ती सगळी गोळा करून यंत्रांच्या शेडमागच्या खोलीत न्यायचा. कुठे कुसळ उठलं असेल तर घासून काढायचं, सैल दात उपटून नवा ठोकायचा, मग दांड्याला जवसाचं तेल चोळायचं, ते मुरलं की पुन्हा चोळायचं. तो वास त्याच्या स्वेटरला कायमचा चिकटला होता. रविवारी चर्चमध्ये वॉटी आला की नाही हे बघायला कुणाला मान वळवावी लागत नसे.

त्या वसंतात मैदान समितीवर मेल्ड्रमसाहेब निवडून आले.

फार्कर मेल्ड्रम म्हणजे गावचे दातांचे डॉक्टर, नुकतेच निवृत्त झालेले. पोर्टलॅरीत असा जबडा नव्हता ज्यात त्यांची बोटं गेली नव्हती. माणूस गोड, आवाज मऊ, पण कुठलीही वाईट गोष्ट सांगण्याआधी “हे जरासं लागेल हं” म्हणायची त्यांची सवय दवाखाना बंद झाला तरी सुटली नव्हती. वॉटीची एक दाढ त्यांनी काढली होती. ती जरा वेगळीच बसली होती, गुडघा छातीवर टेकवून काढावी लागली. तेव्हापासून मेल्ड्रमसाहेब समोर उभे राहिले की वॉटीचं तोंड आपोआप उघडायचं आणि त्यातून शब्द मात्र निघायचा नाही.

“हे जरासं लागेल हं, वॉटी,” मेल्ड्रमसाहेब शेडच्या दारात उभे राहून म्हणाले. “आपली दंताळी बदलावीत असं मला वाटतं.”

वॉटीने आ केला.

साहेबांनी भिंतीवरचं एक दंताळं खाली घ्यायचा प्रयत्न केला, मग ते तिथेच राहू दिलं आणि वाकून त्याचे दात तपासले. “अंतर फार आहे. हा हलतोय. हा तर मुळापासून गेलाय.”

“हलत नाही,” वॉटी कसाबसा म्हणाला. “जरा खेळता ठेवलाय.”

“तसंच म्हणतात सगळे,” मेल्ड्रमसाहेब कनवाळूपणे म्हणाले.

त्यांनी मोटारीतून नव्या दंताळ्यांचे नमुने आणले होते. प्लास्टिकची निळी फळी, ॲल्युमिनियमचा पोकळ दांडा, एका बोटावर तोलून धरावं असं हलकं. वॉटीने एक हातात घेऊन हवेत फिरवलं. ते शिट्टीसारखं वाजलं. “हे कशासाठी आहे?” त्याने विचारलं. “केसांसाठी?”

शेवटी असं ठरलं की उन्हाळाभर बघायचं. मैदानाच्या समुद्राकडच्या बंकरांवर निळी दंताळी, गावाकडच्या बंकरांवर वॉटीची. कुठली बरी ते लोकांनी वापरूनच सांगावं.

वॉटीला निकालाची चिंता नव्हती. पण पंधरवडा गेला आणि एक चमत्कारिक गोष्ट त्याच्या नजरेला यायला लागली. समुद्राकडचे बंकर सकाळी नीट सारखे केलेले दिसायचे. गावाकडच्या बंकरांत मात्र मकी, खाटीक आणि इतर मंडळी पूर्वीसारखीच नांदत होती.

“तिकडे वारा असतो,” त्याने इफीला समजावलं. “वाऱ्यानेच ठसे बुजतात.”

“असेल,” इफी म्हणाली. ती कोबीची पानं धूत होती आणि तिने वर बघितलं नाही.

मग खरंच वारा आला. ईशान्येकडून आलं ते वादळ दोन दिवस घोंघावत राहिलं, आणि थांबल्यावर बघतात तो समुद्राकडे एकही निळं दंताळं जागेवर नाही. काही काटेरी गॉर्सच्या झुडपांत अडकली होती. एक खाली किनाऱ्यावर सील पहुडतात तिथे सापडलं. एक नॅन लॉरिमरच्या परसात कोबीत उभं रोवलेलं मिळालं. नॅन ही गावच्या पाववाल्याची विधवा, इफीची गोल्फची जोडीदार. तिने ते परत द्यायच्या आधी त्याच दंताळ्याने वाफा सारखा करून घेतला. जी मिळाली त्यांतल्या अर्ध्यांचे पुढचे दात पडून बोळकी झालेली.

वॉटीने ती सगळी हातगाडीवर घातली आणि मुद्दाम क्लबच्या खिडकीखालून नेली, सावकाश. आत मेल्ड्रमसाहेब चहा घेत होते. वॉटीने फक्त टोपीला हात लावला. इतका आनंद त्याला बऱ्याच दिवसांत झाला नव्हता. त्या संध्याकाळी तो घरी शीळ घालत गेला.

मंगळवार बायकांच्या खेळाचा. बुधवारी सकाळी वॉटी गावाकडच्या बाजूने हिंडत ‘चेटकिणीच्या मडक्या’पाशी आला. हा त्या मैदानावरचा सगळ्यात खोल बंकर, गवताच्या लाद्या एकावर एक रचून भिंत केलेला, आत उतरलं की फक्त आकाश दिसतं. काठावर वॉटीचं दंताळं जसंच्या तसं होतं. आणि तळाशी पावलं होती. लहान, नेटकी, आत गेलेली आणि बाहेर आलेली, मध्ये चेंडू मारताना रुतलेली.

“ही कोण बया,” वॉटी म्हणाला आणि खाली उतरला.

तळव्याची नक्षी त्याला अनोळखी वाटली. क्लोव्हरच्या पानासारखी तीन-तीन बोटं, टाचेला अर्धचंद्र. मग हळूहळू ती ओळखीची वाटायला लागली. नाताळच्या भेटीसाठी एल्गिन शहरातल्या बुटांच्या दुकानात तो पाऊण तास उभा होता, आणि दुकानातल्या पोरीने बूट उलटा करून हीच नक्षी दाखवली होती. “हे वाळूत घसरत नाहीत,” असं ती म्हणाली होती. खरंच घसरले नव्हते.

वॉटी मडक्यातून वर चढला. काठावरचं दंताळं घेऊन पुन्हा खाली आला आणि ते ठसे त्याने पुसून टाकले. कुणी बघत नाही ना, हेही एकदा बघून घेतलं.

रात्री इफीने खिमा आणि कुस्करलेले बटाटे केले होते. वॉटीने काटा हातात घेतला, खाली ठेवला.

“काल तू मडक्यात गेली होतीस.”

“गेले होते. दुसऱ्याच फटक्यात बाहेर आले. नॅन अजून तिथेच असती.”

“दंताळं कुठे होतं?”

“काठावर. तू ठेवतोस तिथेच.”

“मग?”

इफीने त्याच्याकडे बघितलं. “वॉटी, तुला खरं ऐकायचंय, की गरम जेवायचंय?”

“दोन्ही.”

“तुझं ते दंताळं घेऊन मडक्यात उतरायचं म्हणजे दारातला खांब काखेत मारून विहिरीत उतरायचं. उतरेन एकवेळ, पण वर कोण काढणार मला?”

“पण इतकी वर्षं तू—”

“इतकी वर्षं.”

“मी माझ्या डोळ्यांनी बघितलंय तुला वाळू सारखी करताना. नॅनलासुद्धा.”

“तू दिसलास की करतो,” इफी म्हणाली. “टेकाडावर तुझी टोपी दिसली की नॅन खोकते. मग जी जवळ असेल ती दंताळं उचलते आणि तू दिसेनासा होईपर्यंत ओढते. दोन वर्षांमागे माझ्या पाठीत उसण भरली होती ती आठवते?”

“कोबी लावताना भरली होती.”

“कोबी लावताना भरली होती असं मी सांगितलं.”

वॉटीने बटाट्यात काटा रोवला. बटाट्यावरची वाफ गेली.

“म्हणजे सगळ्या बायका यात आहेत,” तो म्हणाला.

“सगळ्या नाहीत. कर्नलची बायको तू दिसलास तरी उचलत नाही.”

“मग मला सांगितलं का नाहीस?”

“काय सांगणार?” इफीचा आवाज जरा मऊ झाला. “सगळा हिवाळा त्या खोलीत बसून तू त्यांना तेल चोळतोस. माझ्या पाठीला चोळलंस त्यापेक्षा जास्त चोळलंस. म्हटलं, चालू दे. दुसऱ्यांचे नवरे दारूच्या गुत्त्यात बसतात.”

यावर एखादा शहाणा माणूस हसला असता. वॉटी रुसला. आठवडाभर तो घरात हं आणि अंहं यांच्यावर काम भागवत होता. बायका नाजूक, बायका नाटकी, असं म्हणून बघितलं. पण मकीचं काय, खाटकाचं काय, हे त्याला काही सुटेना. खाटीक तर अख्खं मेंढरू खांद्यावर टाकतो. मग पुढच्या मंगळवारी तो जे करून बसला ते त्याने पुढे कुणालाही सांगितलं नाही. गावाला ते कळलं, कारण दुसऱ्या दिवशी इफीला चिमट्याने त्याच्या पाठीतले काटे काढावे लागले, आणि इफीने नॅनला सांगितलं.

वॉटी गॉर्सच्या झुडपात लपून बसला. टोपी काढून खिशात घातली होती.

बायका आल्या. नॅनचा चेंडू मडक्यात गेला. ती बराच वेळ दिसेनाशी झाली, वाळूचे फवारे तेवढे वर येत राहिले, मग एकदाचा चेंडू आला आणि मागोमाग नॅन. जाताना तिने एका पायाने वाळू थोडी इकडेतिकडे केली, मांजर करतं तशी. तिच्या मागची शाळामास्तरीण काठीच्या मागच्या टोकाने रेघोट्या ओढून मोकळी झाली. इफी काठाशी आली. तिने टेकाडाकडे बघितलं. टोपी नव्हती. तिने दोन्ही हातांनी दंताळं उचललं, कमरेपर्यंत आणलं, चेहरा वेडावाकडा झाला, आणि तिने ते हळूच पुन्हा खाली ठेवलं. ठेवल्यावर त्याच्या दांड्यावर एकदा थोपटलं, झोपलेल्या म्हाताऱ्या कुत्र्याला थोपटावं तसं, आणि ती पुढे गेली.

त्या थोपटण्याने वॉटीचा सगळा राग उतरवला. काट्यांतून बाहेर यायला मात्र वेळ लागला.

तो तसाच क्लबवर गेला. मेल्ड्रमसाहेब पायरीवर बसून पडलेल्या निळ्या दातांची मोजदाद करावी की नाही या विचारात होते. दोघेही हरलेले, त्यामुळे वॉटीला पहिल्यांदाच त्यांच्यासमोर नीट बोलता आलं.

“साहेब, दात काढायचेत.”

“बस,” मेल्ड्रमसाहेब सवयीने म्हणाले. “कुठला?”

“माझे नाहीत. दंताळ्यांचे. सगळेच.”

तो हिवाळा दोघांनी शेडमागच्या खोलीत काढला. मेल्ड्रमसाहेबांच्या बायकोला हे फार सोयीचं पडलं. निवृत्त झाल्यापासून ते घरातल्या चमच्यांनासुद्धा घासून चकाकी आणत होते. वॉटीने आडवी फळी ओकऐवजी हलक्या पाइनची घेतली, रुंदी निम्मी केली. दांडा ॲशचाच ठेवला, पण रंधा मारून मारून बारीक केला, आणि मडक्यात भिंतीला अडखळू नये म्हणून आखूड. रंध्याचा प्रत्येक फटका त्याला स्वतःच्या अंगावर बसल्यासारखा वाटायचा. दातांचं काम साहेबांकडे. ते कानशीने एकेक दात गोल करायचे, पुढून बघायचे, मागून बघायचे, एकदा तर खिशातला छोटा आरसा काढून खालून बघितलं.

“साहेब, ते चावणार नाहीयेत,” वॉटी म्हणाला.

“टोक राहिलं की वाळूत चरे पडतात. आणि हे बघ, हिरडीशी भोक मोठं झालंय तुझं. म्हणून हलतात. पाचर मार.”

“फळी म्हणतात तिला.”

“तू तुझं नाव घे, मी माझं घेतो. पाचर मार.”

पसंतीचा अधिकार इफीला दिला होता. पहिलं दंताळं घेऊन वॉटी घरी गेला तेव्हा तिने ते परसात बटाट्याच्या वाफ्यावर चालवलं आणि परत दिलं. “अजून खांबच आहे. फक्त धाकटा.” पुढचं इतकं बारीक झालं की ती म्हणाली, “याने मी काय करू, दात घासू?” मेल्ड्रमसाहेबांना हे फार आवडलं, वॉटीला नाही. त्यानंतरचं तिने आधी हातात तोलून बघितलं. एका हातात गोल्फच्या काठ्यांची पिशवी आणि एका हातात दंताळं घेऊन परसाच्या पायऱ्या चढली, उतरली, पुन्हा चढली.

“बरं आहे,” ती म्हणाली.

वॉटी तिथेच कठड्यावर बसला. लग्नानंतर त्याने तिला बरंच काही करून दिलं होतं. त्यातलं हे पहिलं असं होतं जे तिने आपणहून जागेवरून हलवलं.

नव्या दंताळ्यांनी पोर्टलॅरीचे लोक संत झाले असं नाही. मकी सारखं करायला लागला, पण घाईत, अर्धवट. खाटीक करायला लागला आणि इतक्या जोरात की वाळूचे ढीग काठाला जायचे. पूर्वी वॉटीला फक्त आळशी लोकांचा राग यायचा, आता त्यात मन लावून वाईट काम करणाऱ्यांची भर पडली, आणि सकाळी बोलायला त्याच्याकडे दुप्पट मजकूर झाला. कर्नलची बायको होती तशीच राहिली.

आणि सोमवारी सकाळी मैदानावर दोन म्हातारे दिसायला लागले. वॉटी हातगाडी ढकलायचा, मेल्ड्रमसाहेब प्रत्येक बंकरशी थांबून दंताळं उलटं करायचे, दात एकेक करून हलवून बघायचे आणि सांगायचे, “तिसरा सैल. डावीकडचा शेवटचा तुटका. दांड्याला कुसळ.” वॉटी तिथल्या तिथे पाचर मारायचा, कुसळ घासायचा, पण तेलाच्या डब्याला साहेबांना हात लावू द्यायचा नाही.

त्यांचं भांडण झालं ते दुसऱ्याच गोष्टीवरून. दंताळं बंकरच्या आत ठेवायचं की बाहेर? वॉटी म्हणे आता ती हलकी झालीत, तेव्हा आत, तळाशी, म्हणजे वारा उचलत नाही. मेल्ड्रमसाहेब म्हणत बाहेर, गवतावर, म्हणजे ते घ्यायला वाळू तुडवत जावं लागत नाही. वॉटी म्हणे बाहेर ठेवलं की येणारा चेंडू त्याला अडतो. साहेब म्हणत आत ठेवलं की अडतो आणि वर त्याच्याखाली जाऊन बसतो. दोघे सोमवारचे सोमवार एकमेकांशी अबोल राहायचे, काम मात्र चालू. शेवटी प्रकरण क्लबच्या वार्षिक सभेत गेलं. चर्चा चहापर्यंत चालली, चहानंतरही चालली, मतं घेतली तर बरोबर निम्मी-निम्मी पडली, आणि अध्यक्ष झोपले होते. मग इफीनेच उभं राहून सांगितलं की समुद्राकडे आत ठेवा, गावाकडे बाहेर ठेवा आणि सगळे घरी चला.

तसंच झालं. पोर्टलॅरीला अजून तसंच आहे.

वॉटी निवृत्त झाल्यानंतरची गोष्ट. इफीची पिशवी ओढायला तो मंगळवारी मैदानावर जायचा. एकदा एडिनबराहून आलेले एक गृहस्थ त्याला गाठून विचारते झाले, की मोठमोठ्या मैदानांवर खेळलो, पण निम्मी दंताळी आत आणि निम्मी बाहेर असं कुठे बघितलं नाही, यामागे काय विचार आहे?

वॉटीने समुद्राकडे बघितलं, मग गावाकडे. “वाळूचा पोत,” तो म्हणाला. “दोन्हीकडे वेगळा आहे.”

गृहस्थांनी वाकून चिमूटभर वाळू घेतली, बोटांत चोळली, मान डोलावली आणि समाधानाने निघून गेले.

“कसला पोत?” इफी म्हणाली. “एकाच किनाऱ्यावरून आणता की वाळू.”

“एवढ्या लांबून आला होता बिचारा,” वॉटी म्हणाला आणि पिशवी ओढायला लागला.